ई-ग्रामस्वराज आणि पीएफएमएस : खानदेशातल्या ग्रामपंचायतीच्या टेबलावरून एक परीक्षण

केंद्राकडून गावांना मिळणाऱ्या वित्त आयोगाच्या निधीपुरता तरी ग्रामपंचायतीचा धनादेश आता इतिहासजमा झाला आहे. सरपंच आणि ग्रामसेवक यांच्या दोन सह्यांचा कागद बँकेत नेऊन देण्याची पद्धत गेली आणि तिच्या जागी पंचायतराज मंत्रालयाचे ई-ग्रामस्वराज हे संकेतस्थळ व त्याला जोडलेली केंद्रीय अर्थ मंत्रालयाची सार्वजनिक वित्तीय व्यवस्थापन प्रणाली, म्हणजे ज्याला सगळे पीएफएमएस म्हणतात ती, अशी जोडसेवा आली. (ग्रामसेवकांचे पदनाम २०२४ पासून ग्रामपंचायत अधिकारी असे झाले आहे, पण गावात अजून ग्रामसेवक हाच शब्द चालतो आणि येथेही तोच वापरला आहे.) २४ एप्रिल २०२० रोजी, पंचायतराज दिनी, ई-ग्रामस्वराजचे उद्घाटन झाले. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी जवळजवळ पूर्णपणे याच सेवेतून खर्च झालेला असल्याने तिचे परीक्षण करण्याइतका अनुभव गावागावांत साठलेला आहे. पंचायत समितीच्या लेखा शाखेतून निवृत्त झाल्यावर जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या काही ग्रामपंचायतींचे हिशेब लावून देण्याच्या निमित्ताने माझा या सेवेशी नित्याचा संबंध येतो. तेव्हा पुढचे मत मंत्रालयातून पाहणाऱ्याचे नाही, रोकडवही उघडून बसणाऱ्याचे आहे.

सेवेचा क्रम थोडक्यात असा आहे. ग्रामसभेने मंजूर केलेला ग्रामपंचायत विकास आराखडा, जो महाराष्ट्रात 'आमचं गाव आमचा विकास' या नावाने ओळखला जातो, तो संकेतस्थळावर चढवला जातो आणि त्यातल्या प्रत्येक कामाला स्वतंत्र क्रमांक मिळतो. आराखड्यात नसलेल्या कामावर खर्च टाकता येत नाही. काम मंजूर होऊन पूर्ण झाले की पुरवठादाराची किंवा ठेकेदाराची नोंद तपासून प्रमाणक (व्हाउचर) तयार होते. ग्रामसेवक 'मेकर' म्हणून आणि सरपंच 'चेकर' म्हणून आपापल्या डोंगलने डिजिटल सही करतात, आणि पीएफएमएस खात्याची खातरजमा करून रक्कम थेट घेणाऱ्याच्या खात्यात पाठवते. हे सगळे कोणत्याही नागरिकाला लॉगिन न करता गावाच्या नावाने शोधून पाहता येते. ही शेवटची सोय फार मोठी आहे आणि तिचा वापर फार थोडे लोक करतात.

या सेवेचे मोल कळण्यासाठी खानदेशातल्या माणसाला लांब जावे लागत नाही. १९९० च्या सुमारास धुळे जिल्हा परिषदेत धनादेशांत फेरफार करून कोट्यवधी रुपये लुबाडल्याचे प्रकरण बाहेर आले, आणि आमच्या पिढीच्या लेखा कर्मचाऱ्यांच्या बैठकीत आजही त्याचा विषय निघाल्याशिवाय राहत नाही. धनादेशावर आकड्याच्या आधी मोकळी जागा राहणे, सही आधी आणि मजकूर नंतर होणे, रोकडवहीचा बँक खात्याशी मेळ महिनोनमहिने न घेणे, या तिन्ही सोयी अपहार करणाऱ्याला जुन्या पद्धतीत आयत्या मिळत असत. नव्या सेवेत रक्कम, घेणारा, काम आणि तारीख या चार गोष्टी एकाच नोंदीत बांधलेल्या असल्याने नंतर आकडा वाढवण्याचा मार्ग बंद झाला आहे. महिना बंद केल्याशिवाय पुढच्या महिन्याची नोंद घेता येत नाही, हा नियम ज्या ग्रामसेवकांना सुरुवातीला जाचक वाटला, तेच आता मार्चअखेरला निवांत दिसतात, कारण वर्षभराची रोकडवही शेवटच्या आठवड्यात रात्री जागून लिहिण्याची वेळ त्यांच्यावर येत नाही. केवळ या एका बदलासाठी या सेवेला चांगले गुण द्यायला मला संकोच वाटत नाही.

दुसरा लाभ गावाला दिसत नाही, पण तो खरा आहे. सरकारी पैसा पूर्वी राज्याच्या कोषागारातून निघून जिल्हा, तालुका आणि गाव अशा पायऱ्यांवर वेगवेगळ्या बँक खात्यांत थांबत थांबत जाई, आणि तो खात्यांत पडून असताना तेच सरकार दुसऱ्या दाराने बाजारातून व्याजाने कर्ज उचलत असे. पडून राहिलेल्या पैशाचा खर्च कोणत्याही रोकडवहीत लिहिला जात नव्हता. केंद्रपुरस्कृत योजनांसाठी १ जुलै २०२१ पासून राज्यात प्रत्येक योजनेचे एकच मुख्य खाते ठेवण्याची पद्धत आली, आणि त्यापुढचे पाऊल म्हणून देयकाच्या वेळीच रिझर्व्ह बँकेतून रक्कम सुटावी अशी व्यवस्था टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. या सगळ्याच्या मुळाशी पीएफएमएसच आहे. वित्त आयोगाच्या अनुदानाला वेगळा नियम आहे: केंद्राकडून रक्कम आल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत राज्याने ती स्थानिक संस्थांना दिली पाहिजे, न दिल्यास व्याजासह द्यावी लागते. हा नियम कागदावर ठेवणे सोपे होते. तो पाळला गेला की नाही हे कोणालाही तपासता येईल अशी तारखांची नोंद या सेवेमुळे मिळाली. लाभार्थ्याच्या हाती थेट पैसा देण्याची जी वाट देशाने धरली, तिचा पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आमच्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला होता, ही आठवण येथे अस्थानी ठरू नये.

येथपर्यंत कौतुक मनापासून आहे. मात्र पैसा नीट हलला म्हणजे गावाचा कारभार सुधारला, असा निष्कर्ष जो सरकारी सादरीकरणांतून सहज काढला जातो, त्याला माझा आक्षेप आहे. सार्वजनिक वित्ताचे अभ्यासक सुधारणांकडून तीन गोष्टींची अपेक्षा ठेवतात: एकूण खर्चाला शिस्त लागावी, पैसा गरजेच्या ठिकाणी वळावा, आणि तेवढ्याच पैशात सेवा अधिक चांगली मिळावी. ई-ग्रामस्वराजने पहिले काम उत्तम केले, दुसरे अर्धवट केले आणि तिसऱ्याला हात लावलेला नाही. पाटबंधारे खात्याने गिरणेच्या कालव्याचे पाणी फक्त दरवाजाशी मोजावे आणि शेपटाकडच्या शेतात ओल पोहोचली की नाही हे शेतकऱ्यावर सोडून द्यावे, तसा हा प्रकार आहे.

तिसऱ्या गोष्टीचे उदाहरण पाहा. संकेतस्थळावर एका कामासमोर 'पूर्ण' असे दिसते म्हणजे त्या कामाचे पैसे दिले गेले आहेत आणि कामाची भूस्थानासह (जिओ-टॅग केलेली) छायाचित्रे चढवलेली आहेत. गटार बांधली गेली हे त्यावरून कळते; पण त्या गटारीतून पाणी वाहते की तुंबते, पाण्याच्या टाकीत आठवड्यातून किती वेळा पाणी चढते, दिवाबत्तीचे किती खांब प्रत्यक्ष पेटतात, यांपैकी एकही गोष्ट देयकाशी जोडलेली नाही. केंद्र सरकारने २००५-०६ पासून आपल्या योजनांसाठी फलनिष्पत्ती अर्थसंकल्प, म्हणजे खर्चातून काय साधले ते मांडण्याची पद्धत, सुरू केला, आणि पंचायतींसाठी अलीकडे विकास निर्देशांकही आला आहे. पण गावातल्या प्रमाणकाचा आणि त्या निर्देशांकाचा एकमेकांशी संबंध नाही. परिणाम असा की तालुक्याच्या आढावा बैठकीत प्रश्न एकच विचारला जातो, 'खर्च किती टक्के झाला?' अखर्चित रक्कम ज्याच्याकडे जास्त त्याची खरडपट्टी, आणि ज्याने फेब्रुवारी-मार्चमध्ये पेव्हर ब्लॉक टाकून शंभर टक्के खर्च दाखवला त्याचे कौतुक. खानदेशात गेल्या काही वर्षांत स्मशानभूमीच्या वाटेपासून मंदिराच्या अंगणापर्यंत जे पेव्हर ब्लॉक दिसू लागले, त्यांमागे गावाची गरज किती आणि या टक्केवारीची घाई किती, हे ज्याने त्याने आपल्या गावापुरते ठरवावे.

न्यूझीलंडने १९८८ आणि १९८९ या वर्षी दोन कायदे करून सरकारी वित्तव्यवस्थेत जो बदल केला, त्याचा दाखला या विषयावर नेहमी दिला जातो. तेथे खातेप्रमुखांकडून कोणती सेवा किती आणि कशी द्यायची हे आधी ठरवून घेतले गेले, आणि त्याबदल्यात माणसे नेमण्याचे, साधने घेण्याचे आणि पैसा या शीर्षातून त्या शीर्षात वळवण्याचे बरेच स्वातंत्र्य त्यांना दिले गेले. आपल्याकडे त्या देवाणघेवाणीतली हिशेब देण्याची बाजू आली. स्वातंत्र्याची बाजू वाटेतच राहिली.

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या कालावधीसाठी ग्रामीण स्थानिक संस्थांना २,३६,८०५ कोटी रुपयांची शिफारस केली. महाराष्ट्रात त्याची वाटणी ग्रामपंचायत ८० टक्के, पंचायत समिती १० टक्के आणि जिल्हा परिषद १० टक्के अशी आहे. पैकी ६० टक्के निधी बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीच, त्यातला निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. उरलेला ४० टक्के अबंधित, पण त्यातूनही पगार आणि आस्थापना खर्च करता येत नाही. धोरण म्हणून पाणी आणि स्वच्छता यांना प्राधान्य देण्यात काही चूक नाही. अडचण अशी की सातपुड्याच्या पायथ्याचे एखादे गाव, ज्याला नळयोजना जलजीवन मिशनमधून नुकतीच मिळाली आहे आणि ज्याची खरी गरज शाळेच्या छपराची किंवा पावसाळ्यात तुटणाऱ्या फरशीपुलाची आहे, त्यालाही पाण्याच्या शीर्षावरचा पैसा पाण्यावरच खर्चावा लागतो. मग असलेल्या टाकीशेजारी आणखी एक टाकी उभी राहते. ही सेवा त्या दुसऱ्या टाकीचा हिशेब अगदी निर्दोष ठेवते. याउलट नंदुरबारच्या अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांसारख्या अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना २०१५ पासून आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के अबंध निधी थेट मिळतो, आणि तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभा कोष समित्यांच्या मार्फत ठरवते. त्यातही गैरप्रकार झाले नाहीत असे मी म्हणणार नाही, पण ग्रामसभेला लोक येण्याचे कारण तरी त्या निधीने निर्माण केले.

आता टेबलावर प्रत्यक्ष काय घडते ते. तापीकाठच्या एका गावात पाण्याची मोटार आणि पाइप पुरवणाऱ्या दुकानदाराचे देयक मंजूर झाले, दोन्ही सह्या झाल्या, फाइल पुढे गेली आणि रक्कम परत आली. शोध घेतल्यावर कळले ते असे: त्याचे खाते ज्या बँकेत होते ती दुसऱ्या बँकेत विलीन झाल्याने शाखेचा आयएफएससी, म्हणजे बँकेचा संकेतांक, बदलला होता, आणि दुकान मुलाच्या नावे झाल्यापासून खात्यावरचे नाव व नोंदणीतले नावही जुळत नव्हते. परत आलेली रक्कम आधी जमेच्या बाजूला दाखवायची, पुरवठादाराची नवी नोंद करायची, तिला मान्यता मिळवायची आणि मग नवे प्रमाणक काढायचे. तोपर्यंत तो दुकानदार ग्रामपंचायतीच्या ओट्यावर येऊन रोज एकच प्रश्न विचारी, "भाऊ, पैसा उनात का?" धनादेशाच्या काळात ही दुरुस्ती बँकेच्या खिडकीवर तासाभरात झाली असती हे खरे, पण त्याच सैलपणातून भलत्याच नावाच्या खात्यात पैसे जात, हेही तितकेच खरे. म्हणून येथे मी सेवेच्या बाजूने आहे. तिने नाव जुळवून पाहिले, आणि पैशाच्या व्यवहारात तेच अपेक्षित आहे. फक्त फाइल कोणत्या कारणाने परत आली हे संगणक परिचालकाला एका ओळीच्या सोप्या मराठीत वाचता आले असते, तर तो प्रश्न रोज विचारावा लागला नसता.

डोंगलची गोष्ट याहून गंभीर आहे. पेन ड्राइव्हएवढे ते साधन म्हणजे सरपंचाची सही, आणि सगळ्या व्यवस्थेचा भार त्या एका सहीवर आहे. मेकर आणि चेकर या दोन भूमिका वेगळ्या ठेवल्या त्या एवढ्यासाठी की एकाने केलेले दुसऱ्याने तपासावे. एका ग्रामपंचायतीत मी दोन्ही डोंगल एकाच टेबलाच्या खणात, एका रबरबँडने बांधलेली पाहिली. एकाच्या टोपणावर चिकटपट्टी लावून त्यावर पिन लिहिलेला होता. सरपंचबाई शेतात कापूस वेचायला गेल्या होत्या आणि त्यांच्या नावाने दोन प्रमाणके मंजूर होत होती. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींमध्ये निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत, आणि कितीतरी सरपंचबाई स्वतः प्रमाणक वाचून, कामावर जाऊन पाहून, मगच डोंगल लावतात, हेही मी याच तीन जिल्ह्यांत पाहिले आहे. फरक प्रणालीचा नाही. मुद्दा एवढाच की धनादेशावरची सही खोटी आहे का हे निदान तज्ज्ञाला ओळखता येत असे. दुसऱ्याने लावलेल्या डोंगलची सही कायद्याच्या दृष्टीने शंभर टक्के खरी असते. उद्या लेखापरीक्षणात वसुली निघाली तर ती त्या बाईच्या नावावर निघणार आहे. सरपंचाच्या स्वतःच्या मोबाइलवर रक्कम आणि घेणाऱ्याचे नाव दाखवून मगच मंजुरी घ्यावी, आणि तो मोबाइल क्रमांक ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नव्हे, त्याबाहेर दुसरीकडे नोंदवला जावा, एवढी तरी काळजी वरच्यांनी घेतली पाहिजे.

लेखापद्धतीविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण सामान्य वाचकाला हा भाग रुक्ष वाटतो आणि नेमका तेथेच गावाचा तोटा लपलेला असतो. ग्रामपंचायतीचे हिशेब रोखीच्या तत्त्वावर ठेवले जातात. महाराष्ट्राच्या २०११ च्या ग्रामपंचायत लेखा संहितेतले नमुना १ ते ३३ असोत की ई-ग्रामस्वराजमधली रोकडवही, पैसा आला तर जमा आणि गेला तर खर्च, एवढेच त्यांना कळते. जो खर्च झाला आहे पण दिलेला नाही, तो नमुना ५ च्या रोकडवहीत कोठेच दिसत नाही. त्यामुळे वर्षअखेरीस एखाद्या ग्रामपंचायतीच्या नावे चांगली शिल्लक दिसते, आणि त्याच महिन्यात पाणीपुरवठ्याची वीजजोडणी थकबाकीपोटी तोडली जाते. दोन्ही गोष्टी खऱ्या असतात. दिवाबत्तीचे आणि नळयोजनेचे थकलेले वीजबिल, शिपायाचा राहिलेला पगार, ठेकेदाराची अडकलेली अनामत, या सगळ्यांची बेरीज करून दाखवणारा एकही ताळेबंद गावकऱ्यापुढे येत नाही. अखेर वीजबिले वित्त आयोगाच्या अबंधित निधीतून भरण्याची पाळी आली, म्हणजे विकासाचा पैसा जुन्या देण्यात गेला आणि नोंद मात्र चालू वर्षाच्या खर्चाची झाली.

शहरांत हे थोडे वेगळे आहे. नगरपालिका आणि महानगरपालिका यांना उपार्जित तत्त्वावर, म्हणजे पैसा हलला नसला तरी देणे-येणे लिहून, दुहेरी नोंद पद्धतीने हिशेब ठेवावे लागतात, निदान कायद्याने तशी अपेक्षा आहे. देणी वेळेवर डोळ्यांपुढे आली नाहीत तर काय होते हे जळगावकरांना सांगायला नको. पालिका असताना घरकुलांसाठी हुडको या केंद्राच्या गृहवित्त संस्थेकडून घेतलेले कर्ज २००३ साली स्थापन झालेल्या महानगरपालिकेच्या गळ्याशी आले आणि तिची बँक खाती गोठवण्यापर्यंत वेळ गेली. त्या काळात शहरातले रस्ते कसे होते हे ज्यांनी त्यावरून दुचाकी चालवली त्यांना ठाऊक आहे. गावाला उपार्जित पद्धतीचा पूर्ण भार झेपणार नाही, हे मी मान्य करतो. पण ई-ग्रामस्वराजमध्ये थकीत देण्यांचे एक पान जोडणे आणि वर्ष बंद करण्यापूर्वी ते भरणे सक्तीचे करणे, यात तांत्रिकदृष्ट्या काहीही अवघड नाही.

येण्याच्या बाजूचीही तीच कथा. घरपट्टी आणि पाणीपट्टी ही ग्रामपंचायतीची स्वतःची मिळकत. तिची आकारणी नमुना ८ मध्ये, मागणी नमुना ९ मध्ये आणि पावती नमुना १० वर. चौदाव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या अनुदानातला १० टक्के हिस्सा कामगिरीसाठी वेगळा ठेवला होता, आणि तो मिळण्यासाठी लेखापरीक्षित हिशेबांबरोबर स्वतःचे उत्पन्न वाढल्याचे दाखवावे लागत होते. पंधराव्या आयोगाने ग्रामीण संस्थांसाठी हिशेब वेळेवर संकेतस्थळावर टाकण्याची अट ठेवली, उत्पन्नवाढीची ठेवली नाही. हिशेब ठेवण्याची सवय त्यामुळे लागली, वसुलीची मात्र सुटली. माझ्या पाहण्यातल्या अनेक गावांत निवडणुकीच्या वर्षी पाणीपट्टीची मागणी बिले छापूनही वाटली जात नाहीत. वरून येणारा पैसा घड्याळाच्या काट्यावर येत असेल, तर शेजाऱ्याच्या दारात वसुलीला जाऊन वाईटपणा घेण्याची सरपंचाला गरज काय? वित्तीय सुधारणेचा हा अनपेक्षित परिणाम आहे, आणि तो मला सगळ्यांत जास्त खटकतो.

लेखापरीक्षण संगणकावर आले, हे चांगले झाले. आक्षेप आणि त्यांचे अनुपालन आता फाइलींच्या ढिगात हरवत नाहीत. पण परीक्षकही बहुधा संकेतस्थळावर जे चढवले आहे तेच तपासतो. मोजमाप पुस्तिका हातात घेऊन गटारीची लांबी टेपने मोजणारा जुन्या वळणाचा परीक्षक आता क्वचित दिसतो. त्या मोजमाप पुस्तिकेवरच खरा तुंबा आहे. पैसा एकदा निघाला की काही दिवसांत पोहोचतो, मात्र अंदाजपत्रकाची तांत्रिक मान्यता आणि झालेल्या कामाचे मोजमाप यांसाठी अनेक गावांचा भार वाहणाऱ्या एका शाखा अभियंत्याची वाट पाहण्यात महिने जातात. सुधारणेने शेवटचा टप्पा वेगवान केला, आधीचे टप्पे जुन्याच चालीने चालतात. नंदुरबारच्या डोंगराळ धडगाव-मोलगी भागात तर रेंजअभावी ग्रामसेवकाला देयक करण्यासाठी तालुक्याच्या गावी येऊन बसावे लागते, आणि त्या दिवशी गावात दाखल्यासाठी आलेला माणूस हात हलवत परत जातो.

पंचायत समिती आणि जिल्हा परिषद या वरच्या दोन स्तरांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. आयोगाचा निधी निवडून आलेल्या संस्थांसाठी आहे, आणि जळगाव जिल्हा परिषदेवर मार्च २०२२ पासून प्रशासक बसला, तेव्हा त्या स्तरावर या सेवेची परीक्षा व्हायला हवी तशी झालीच नाही.

गुण द्यायचेच झाले तर पैशाचा माग ठेवण्यासाठी पाचपैकी साडेचार, वापरातल्या सोयीसाठी तीन, आणि गावाच्या कारभाराची आर्थिक कामगिरी सुधारण्यासाठी दोन. शेवटचे दोनही मी उदार होऊन देतो आहे, कारण ज्या गावात सरपंच, ग्रामसेवक आणि ग्रामसभा जागी आहे, तेथे या सेवेने त्यांच्या हाती चांगले हत्यार दिले आहे. सोळाव्या वित्त आयोगाचा कालावधी एप्रिल २०२६ पासून सुरू होतो. हीच सेवा पुढे चालणार असेल तर थकीत देण्यांचे पान, सरपंचाच्या मोबाइलवरची मंजुरी आणि करवसुलीच्या मागणीची नोंद, या तीन गोष्टी तिच्यात आधी याव्यात. दिसायला देखण्या तक्त्यांची घाई नाही.

ज्यांना ही सेवा स्वतः पारखून पाहायची आहे त्यांनी ई-ग्रामस्वराजच्या सार्वजनिक पानावर आपला जिल्हा, तालुका आणि ग्रामपंचायत निवडावी, चालू वर्षाचा मंजूर आराखडा उघडावा आणि त्याच्या शेजारी झालेल्या खर्चाची यादी ठेवावी. यादीत एकाच पुरवठादाराचे नाव पुन्हा पुन्हा येते का, आणि मार्चमधल्या प्रमाणकांची रांग इतर महिन्यांपेक्षा किती लांब आहे, हे आधी पाहावे. मग ग्रामपंचायतीत जाऊन नमुना ९ मागावा आणि या वर्षीच्या मागणीपैकी वसूल किती झाले ते विचारावे. ग्रामपंचायतीला माल देणाऱ्या दुकानदारांनी मात्र काम घेण्यापूर्वीच आपल्या खात्याचे नाव, जीएसटीवरचे नाव आणि आयएफएससी एकदा जुळवून घ्यावे, आणि देयक शक्यतो फेब्रुवारीच्या आत मंजूर करून घ्यावे. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्या जिल्ह्याचे डोंगल एकाच वेळी लागलेले असतात.